हजेरी कुणाची?

‘लक्ष द्या’ हे शब्द आपल्या महाविद्यालयात दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जात असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. याच इमारतीत विद्यार्थी म्हणून पाच वर्षे मी ते ऐकले. आणि गेली सहा वर्षे, इथे साताऱ्यात आणि तिकडे सांगलीत, शिक्षक म्हणून ते उच्चारत आलो आहे. पहिल्या बाकावरच्यांना त्यांची गरज नसते, शेवटच्या बाकापर्यंत ते पोचत नाहीत. मधल्यांसाठी ते असावेत. डस्टर टेबलावर आपटले की चार-पाच मिनिटे बरी जातात. मग पुन्हा तेच.

मराठीत लक्ष ‘देतात’. जुना शब्द अवधान, तेही द्यायचेच. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. दासबोधात श्रवणावर स्वतंत्र समास आहे, आणि तो ज्या सज्जनगडाशी आपण जोडतो तो या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे ऐकणाऱ्याने कसे ऐकावे, याचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. बोलणाऱ्याने समोरच्याकडे कसे पाहावे, याचा मात्र आपण शिक्षक मंडळी फारसा विचार करीत नाही. लक्ष द्यायचे ते विद्यार्थ्यांनी आणि घ्यायचे ते आम्ही, अशी वाटणी कधी कोणी करून दिली कोण जाणे! या वाटणीवर माझाही पूर्ण विश्वास होता. तो कसा ढासळला ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्या विद्यार्थिमित्रांना या शब्दांचा अर्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जितके तास, तितके पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे मे महिन्यात देवालाही सांगता येत नाही. एका महाविद्यालयाच्या तासांवर घर चालत नाही, म्हणून दोन धरायची. माझे सोमवार ते बुधवार सातारा आणि गुरुवार ते शनिवार सांगली. गुरुवारी पहाटे स्टँडवर एस. टी. पकडायची, कराड, पेठनाका, आष्टा करीत तीन-साडेतीन तासांनी सांगलीत उतरायचे, दोन रात्री मामांकडे काढायच्या आणि शनिवारी शेवटचा तास संपताच परतीच्या गाडीसाठी धावायचे. त्या शनिवारच्या गाडीला या हकिकतीत महत्त्व आहे.

तीन वर्षांपूर्वी सांगलीकडच्या त्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शिकवीत होतो. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी आपणांपैकी बहुतेकांनी वाचली असेल. धनगरांच्या एका लहानशा वाडीत एक कोवळा मास्तर नेमणुकीवर जातो. शाळा आहे, पण मुले नाहीत. तो माणसे पाहतो, त्यांच्यात बसतो, त्यांची कागदपत्रे लिहून देतो, आणि हळूहळू वाडी त्याला आपला म्हणू लागते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. माडगूळकर माडगुळ्याचे, म्हणजे आटपाडी भागातले; आणि माझ्या वर्गात त्याच भागातली आठ-दहा मुले होती. मी शिकवीत होतो ते आधीच्या वर्षीच्या टिपणांवरून. प्रादेशिकता, निवेदनपद्धती, व्यक्तिचित्रण, दुष्काळाचे चित्रण. ट्यूटोरियलला विषयही दिला: ‘दुष्काळ: वाचलेला आणि पाहिलेला’. वह्या आल्या, मी सह्या केल्या.

त्या वर्गाच्या हजेरीपटावर ११८ नावे होती. मी नावे घेत नसे, नंबर घेत असे, वेळ वाचतो. खाली मान, हातात पेन. एकसष्ट, ‘हजर’, बासष्ट, ‘हजर’, त्रेसष्ट, ‘हजर सर’. त्रेसष्ट तेवढा ‘सर’ म्हणायचा, म्हणून तो नंबर माझ्या कानात राहिला. चेहरा राहिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी लागोपाठच्या दोन शनिवारी एक मुलगा तास संपल्यावर दाराशी थांबला होता.

“सर, थोडं बोलायचं होतं.”

“पुढच्या आठवड्यात बोलू या रे. गाडी आहे.”

“बरं सर.”

दुसऱ्या शनिवारीही हेच संभाषण झाले. ‘पुढच्या आठवड्यात’ऐवजी मी ‘सुट्टीनंतर’ म्हणालो एवढाच फरक. सुट्टी संपली. त्रेसष्ट नंबरची हजेरी रोज लागत होती. जानेवारीत सूचनाफलकावर परीक्षेचा अर्ज न भरलेल्यांची यादी लागली. तिच्यात त्याचे नाव दिसले, तेव्हा मी वर्गात विचारले, “त्रेसष्ट कुठाय?” मागे खसखस पिकली आणि लगेच विरली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तो दिवाळीपासनं येत न्हाई. चुलत्याकडं गेलाय, गलाईला.”

खानापूर-आटपाडीकडची शेकडो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. गावात पाणी नाही, म्हणून पोरगा कळता झाला की मामा-चुलत्याच्या हाताखाली भट्टीपाशी बसतो. काहींनी त्यात नाव काढले, घरे बांधली. तेव्हा गलाईला जाणे ही काही आपत्ती नव्हे. पण दोन शनिवार दाराशी उभे राहून त्या मुलाला काय सांगायचे होते, ते मला आजवर कळलेले नाही. फीची अडचण होती? अर्जावर सही हवी होती? की जाऊ का नको, एवढेच विचारायचे होते? वर्गातल्या मुलांनाही ठाऊक नाही. ते त्याने मलाच सांगायचे ठरवले होते.

दोन महिने त्याची हजेरी देणारा मुलगा मला सापडला. मी त्याच्यावर रागावलो नाही. खरे पाहता, त्या वर्गात रोज न चुकता त्रेसष्ट नंबरची आठवण ठेवणारा तेवढा एकच होता.

त्या रात्री मी ट्यूटोरियलचा गठ्ठा काढला. त्याच्या वहीत चार पाने होती. २०१८-१९ च्या दुष्काळात आजोबांबरोबर चारा छावणीत काढलेले दिवस त्याने लिहिले होते: दावणीला बांधलेली जनावरे, कानाला मारलेले बिल्ले, टँकरची वाट पाहणे, आणि रात्री छावणीतच आजोबांच्या घोंगडीत झोपून सकाळी तिथूनच शाळेला जाणे. शुद्धलेखन यथातथाच होते. पण छावणीतून परत आणल्यावर म्हैस गोठ्यात शिरेना, दारातच उभी राहिली, असे जे शेवटी त्याने लिहिले होते, तसे वाक्य मला साधणार नाही. या चार पानांखाली माझ्या अक्षरात लाल शाईने एकच शब्द होता: ‘ठीक’. मी ती वाचलेली नव्हती.

आता यावर कोणी म्हणेल की हा आळस झाला. त्याला एवढे मोठे नाव कशाला? पण मी आळशी नव्हतो, हीच तर अडचण आहे. मी एकही तास बुडवला नव्हता. अभ्यासक्रम वेळेत संपवला होता. फक्त मी वर्गात असताना वर्गात नव्हतो. वाचा बोलत होती, हात फळ्यावर चालत होता आणि मन पेठनाक्यावर गाडी किती वेळ थांबेल याच्या हिशेबात होते.

यानंतर काही महिन्यांनी ‘माइंडफुलनेस आणि शिक्षक’ या विषयावरच्या एका एकदिवसीय कार्यशाळेला मी जाऊन बसलो. हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. पडद्यावर समुद्रकिनारा दिसत होता, मंद संगीत होते, आम्ही पन्नास जण डोळे मिटून बसलो होतो आणि त्यांतले निदान पाच जण घोरत होते. चहा उत्तम होता. प्रमाणपत्र मिळाले, ते फाइलला लागते. टिंगल करण्याचा माझा हेतू नाही, कारण त्याच दिवशी घरी येऊन मी या शब्दाचे मूळ शोधले. शब्द परका वाटला तरी वस्तू आपलीच निघाली. बौद्ध ग्रंथांत पाली ‘सति’ हा शब्द येतो, संस्कृतातला ‘स्मृती’. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडिताने १८८१ साली त्याच्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द वापरला आणि तोच पुढे रूढ झाला. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात दुखण्याने गांजलेल्यांसाठी या साधनेचा काही आठवड्यांचा पाठ सुरू केला. तिथून ती दवाखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत गेली. आणि आता ती इंग्रजी नाव घेऊन आमच्या सभागृहात परतली आहे. सांगलीची हळद परदेशी डबीत भरून आपल्यालाच विकायला यावी, तसा हा प्रकार.

महाराष्ट्राला तर ही वस्तू कधीच परकी नव्हती. १९५६ च्या धर्मांतरानंतर लाखो घरांत अष्टांगिक मार्ग पोचला, आणि त्याचे सातवे अंग सम्यक स्मृती हेच आहे. मंडालेला जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्यांनी विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू झाले. पुढे आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याने ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळाशाळांत आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे काही मिनिटे पाहणे, सुरू केले. त्यासाठी शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांचे शिबिर करावे, अशी कल्पना होती. कल्पना मला मोलाची वाटते ती याच कारणासाठी. आधी मास्तरने डोळे मिटून स्वतःचे मन किती पळते ते पाहावे. मग मुलांना ‘लक्ष द्या’ म्हणावे.

मीही एका मे महिन्यात हातकणंगल्याजवळच्या आळते येथील केंद्रात दहा दिवस राहिलो. पैसे घेत नाहीत. शेवटी इच्छा असेल तर दान. पहाटे चारला घंटा, बोलणे बंद, वाचणे-लिहिणे बंद, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास. पहिल्या दिवशी मी मोजून पाहिले, तर लागोपाठ पाच श्वासही माझे लक्ष टिकेना. एका क्षणी नाकपुडीवर, दुसऱ्या क्षणी जूनच्या नेमणुकीवर. चिडायचे नाही, मन गेले हे ओळखायचे आणि त्याला परत आणायचे, एवढेच काम. दहा दिवसांत मला कोणताही साक्षात्कार झाला नाही. पण मन गेले आहे हे कळण्याला जो वेळ लागतो तो थोडा कमी झाला. पूर्वी अख्खा तास मी परगावी असे आणि घंटा झाल्यावर परते. आता तासाला दहा वेळा जातो, पण दहा वेळा परततो.

इथवर सगळे गोड आहे. पण आता माझ्या मनातली शंका सांगितली पाहिजे, आणि ती साताऱ्यातल्याच एका वर्गाने घातलेली आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, राजवाड्याच्या इमारतीत, एका मुलाचे नाव दाखल झाले. ते आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून आपल्याला ठाऊक आहे आणि २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या एका लहानशा आत्मकथनात आपल्या शाळेतल्या जागेविषयी सांगितले आहे. वर्गात ते इतरांत बसू शकत नसत. कोपऱ्यात वेगळे, गोणपाटावर. तो गोणपाट रोज घरून आणायचा आणि घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडूवाला गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात. यांना परवानगी पुरत नसे. नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नसला की त्या दिवशी पाणी नाही.

मी या प्रसंगाकडे बाबासाहेबांच्या बाजूने अनेकदा पाहिले होते, जसे आपण सारेच पाहतो. शिबिराहून आल्यावर प्रथमच मास्तरांच्या खुर्चीवरून पाहिले. ते मास्तर काय सगळेच दुष्ट असतील? त्यांतले कोणी नेमाने संध्या करणारे, मन स्थिर असलेले, मुलांवर हात न उगारणारे नसतील असे थोडेच आहे? शांत चित्ताचा मनुष्य शांत चित्ताने शिकवीत राहिला असेल आणि कोपऱ्यात एक मूल तहानेले बसले असेल. मनाची शांती तेवढी साधायची असेल तर असल्या वर्गातही ती साधता येते. म्हणून मला असे वाटते की शिक्षकाची सजगता त्याच्या श्वासापाशी सुरू होत असली तरी तिथेच थांबून चालत नाही. तिला वर्गाच्या चारही कोपऱ्यांत फिरून यावे लागते. कार्यशाळेतल्या समुद्रकिनाऱ्यावर मला जे खटकले ते हेच. तिथे डोळे मिटायला शिकवले. उघडल्यावर कुणाकडे पाहायचे, ते सांगायचे राहून गेले.

याच गावात कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये वसतिगृह चालवले, सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली आणि घरात दाणा नव्हता तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडून मुलांना जेवू घातले. त्या माउलीने कधी ध्यानधारणेचे शिबिर केले नव्हते. कोण उपाशी आहे, हे तिला दिसत होते.

दुसरी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर माइंडफुलनेसच्या पाठांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. नेहमीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही विशेष सुधारणा आढळली नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. विरोधकांनी यावरून ‘पाहा, थोतांड’ म्हटले. मला त्यातून वेगळे दिसते. मुलांना शांत बसवण्याचे आणखी एक साधन म्हणून हे वापरायचे असेल तर आपल्याकडे डस्टर आहेच. ही गोष्ट मुळात टेबलाच्या अलीकडच्या माणसाने करायची आहे.

ती करायची कशी? मला जमलेले फार थोडे आहे, पण त्यातली एक गोष्ट सहाध्यायांना आणि तरुण प्राध्यापकांना करून पाहता येईल. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून काही मोजदाद केली होती. १९७४ साली ती प्रसिद्ध झाली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही की ते दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. त्यातही हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी ते अधिक थांबतात. हीच वाट पाहणी तीन सेकंदांवर नेली, तर उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि ज्यांना आपण ‘ढ’ म्हणून सोडून दिलेले असते ती मुले बोलू लागतात.

तीन सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. करून पाहा! प्रश्न विचारून मी उभा राहिलो तेव्हा पहिल्या दिवशी मला घाम फुटला. शांततेत आपले अज्ञान उघडे पडते की काय, अशी भीती वाटते. वर्गालाही वाटले की सर काहीतरी विसरले. आळत्याचा श्वास इथे कामी आला. एक श्वास आत, एक बाहेर, की तीन सेकंद सहज होतात. दुसऱ्या आठवड्यात मधल्या बाकावरचा, वर्षभरात एकदाही न बोललेला मुलगा बोलला. प्रश्न होता, बनगरवाडीतली माणसे मास्तरला अडाणी वाटतात का? तो म्हणाला, “सर, अडाणी मास्तरच आहे. त्याला मेंढरातलं काय कळतंय?” त्यानंतरचा अर्धा तास मी जवळजवळ गप्प होतो. इतकी वर्षे ‘निवेदनपद्धती’ या शीर्षकाखाली मी जे सांगत आलो होतो, ते त्या एका वाक्यात अधिक नेमके होते.

हजेरीही मी आता नावाने घेतो आणि प्रत्येक नावाला मान वर करतो. पण ११८ नावांना नऊ मिनिटे लागतात आणि तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. म्हणून हे आठवड्यातून एकदाच. बाकीच्या दिवशी माझेही नंबरच. वह्या एका बैठकीत दहाच पाहतो. त्यामुळे गठ्ठा साचतो, आणि साचलेल्या गठ्ठ्यामुळे बोलणीही खावी लागतात.

आमच्या स्टाफरूममधले एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, एकदा म्हणाले, “अहो, पुढच्या जूनला तुमची ऑर्डर निघेल की नाही ते ठाऊक नाही, आणि तुम्ही श्वास कसले मोजताय? आधी पोटाचं बघा.” मी म्हणालो, “सर, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे.” आणि ते आहेच. एका वर्गात सव्वाशे मुले कोंबायची, जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, शिक्षकाला दोन जिल्ह्यांत एस. टी.ने पळवायचे आणि मग ‘ताण घेऊ नका, श्वासाकडे पाहा’ असे सांगायचे, ही शुद्ध फसवणूक आहे. रिकाम्या जागा भरण्याऐवजी रिकाम्या मनाचे महत्त्व सांगणाऱ्या शिबिरांवर मी बहिष्कार घालायला तयार आहे. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाचे लक्ष पोटाकडे जाते, यात त्याचा दोष नाही. तेव्हा सजगतेच्या नावाखाली कोणी आमच्या मागण्या गप्प करू पाहील तर ते चालणार नाही.

पण उरलेले निम्मे मला मान्य नाही, आणि ते मी सरांना त्या दिवशी सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. तो मुलगा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. “काय रे, काय झालं?” एवढे विचारायला शासनाचा निर्णय लागत नव्हता. पुढची गाडी तासाभराने होती. घरी कोणी आजारी नव्हते. मी ती गाडी सोडली असती तर माझे फार तर जेवण उशिरा झाले असते. व्यवस्थेने माझे पुष्कळ काही घेतले आहे. ती दहा मिनिटे मात्र तिने घेतलेली नाहीत.

विद्यार्थिमित्रांनाही एक सांगावेसे वाटते. तास संपल्यावर दाराशी थांबलात आणि सरांनी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटले, तर ‘बरं सर’ म्हणून लगेच वळू नका. थोडे आणखी उभे राहा. आमच्यापैकी काहींना तीन सेकंद पुरत नाहीत.

त्रेसष्ट नंबरची वही माझ्याकडेच आहे. ‘ठीक’ मी खोडलेले नाही. त्याच्याखाली दीड पान लिहिले आहे. बरेचसे त्या गोठ्याच्या दारात थबकलेल्या म्हशीविषयी आहे. त्याच्या गावचा एक मुलगा यंदा तिकडे प्रथम वर्षाला आला आहे. तो सांगत होता की गलाईवाले बहुतेक सगळे चैत्रात जत्रेला गावी येतात, हाही येईल. वही या मुलाच्या हाती द्यावी की आपणच एस. टी.ने त्या गावी जाऊन यावे, ते अजून ठरलेले नाही.